परमेश्वर कोणाचीही मिरास नव्हे

आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी आपण ख्रिस्तराजाचा सण साजरा करतो. वेदी फुलांनी सजते, पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघते आणि ख्रिस्त हा सर्व राष्ट्रांचा राजा आहे, असा घोष लहानथोर मोठ्या उत्साहाने करतात. पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी या सणाची स्थापना केली. त्या वेळी इटलीत मुसोलिनीचा अंमल होता आणि पहिल्या महायुद्धाच्या राखेतून उठलेली युरोपातील राष्ट्रे आपापल्या ध्वजालाच देवाच्या आसनावर बसवू लागली होती. राष्ट्राच्याही वर कोणी आहे आणि त्याच्यापुढे राष्ट्रालाही जाब द्यावा लागतो, हे सांगण्यासाठी हा सण जन्माला आला. या घटनेला २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली.

शंभर वर्षांनंतर त्या घोषाचा अर्थ आपल्या धर्मग्रामांत कितपत उरला आहे, असा प्रश्न आम्हांस पडतो. 'देव सर्व राष्ट्रांचा धनी' हे वाक्य आपल्याकडे ज्या सुरात उच्चारले जाते, त्यातून बहुधा उलटाच अर्थ निघतो. देव सर्वांचा धनी आहे, आपण त्या धन्याची माणसे आहोत, तेव्हा आज ना उद्या जग आपले आहे! सावकाराच्या मुनीमाने कुळांकडे पाहावे, तशी ही दृष्टी आहे. पवित्र शास्त्रातील देवाचे सार्वभौमत्व म्हणजे निवडलेल्या प्रजेच्या नावे करून दिलेले खरेदीखत नव्हे. ती एक न्यायसभा आहे, आणि त्या सभेत सर्वांत आधी जाब विचारला जातो तो निवडलेल्या प्रजेलाच. हे आमचे म्हणणे आम्ही शास्त्राच्या आणि आपल्या नाशिकच्याच इतिहासाच्या आधारे मांडू इच्छितो.

आमोसची मोजपट्टी

आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखून पोट भरणारा. दक्षिणेतून निघून तो उत्तरेच्या राज्यात गेला आणि तेथे त्याने राष्ट्रांचा न्याय सांगण्यास आरंभ केला. प्रथम दमास्कस, मग गाझा, सोर, अदोम, अम्मोन आणि मवाब. एकेका शेजाऱ्याचे पाप तो मोजून दाखवू लागला, तेव्हा इस्राएली श्रोत्यांनी समाधानाने माना डोलावल्या असतील. शत्रूंची अशी खरडपट्टी कोणाला आवडत नाही? पण संदेष्ट्याचे वर्तुळ हळूहळू आवळत होते. त्याने यहूदाचे नाव घेतले, आणि अखेरीस इस्राएलचे. सर्वांत लांबलचक आरोपपत्र होते ते याच शेवटच्या नावावर.

या आरोपांमध्ये एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गाझा आणि सोर यांचा गुन्हा काय? त्यांनी वस्त्याच्या वस्त्या कैद करून माणसे अदोमाच्या स्वाधीन केली. इस्राएलचा गुन्हा काय? त्यांनी कर्जापायी गरिबाला जोडाभर वहाणांच्या किमतीत विकले. दोन्हीकडे माणसांचाच विक्रय. परक्याने केला म्हणून तो अधिक काळा होत नाही आणि आपल्याने केला म्हणून धुऊन निघत नाही. उलट ज्यांना देवाने जवळ केले त्यांना तो अधिक कठोरपणे जाब विचारणार, असे आमोस स्पष्टपणे बजावतो (३:२).

ग्रंथाच्या अखेरीस तर तो श्रोत्यांच्या पायांखालची जमीनच काढून घेतो. इस्राएलचा सर्वांत मोठा अभिमान म्हणजे मिसर देशातून झालेली सुटका. देवाने आम्हांला हाताला धरून बाहेर काढले, दुसऱ्या कोणाला काढले? यावर देव आमोसच्या मुखाने विचारतो की, माझ्या लेखी तुम्ही आणि कूशी लोक यांत भेद तो काय? पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीर येथून मीच नाही का आणले (९:७)? पलिष्टी आणि अरामी हे इस्राएलचे हाडवैरी. त्यांच्याही स्थलांतरामागे तोच हात होता! ज्यांना आपण देवाबाहेरचे समजत होतो त्यांचाही एक निर्गम होता आणि आपल्याला त्याची खबरबात नव्हती, इतकेच.

हा सूर आमोसपुरता मर्यादित नाही. यशया मिसराला देवाची प्रजा आणि अश्शूराला देवाच्या हातची कृती म्हणतो. इस्राएलचे नाव त्या पंक्तीत तिसरे येते (१९:२४-२५). सत्त्याऐंशीव्या स्तोत्रात बाबेल, पलेशेथ, सोर आणि कूश यांची गणना सियोनेत जन्मलेल्यांत केली आहे. निनवेवर दया झाली म्हणून रुसून बसलेल्या योनाची तर शास्त्राने जवळजवळ थट्टाच केली आहे. आणि प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात काय केले? सारफथची विधवा आणि अरामी सेनापती नामान या दोन परक्यांची आठवण त्याने गावकऱ्यांना करून दिली. तोवर त्याच्या बोलण्याचे कौतुक करणारे तेच लोक त्याला कड्यावरून लोटून देण्यास निघाले (लूक ४:२५-२९). देव सर्वांचा आहे, हे ऐकून धर्मनिष्ठ माणसे आनंदित होतात, असा शास्त्राचा अनुभव नाही.

कूशची लेकरे नाशिकात

आमोसने ज्या कूशचे नाव घेतले तो मिसरच्या दक्षिणेचा, नाईल नदीच्या वरच्या अंगाचा मुलूख. शास्त्रात कूशी म्हणजे आफ्रिकेचा काळ्या वर्णाचा माणूस. यिर्मयाला त्याच्याच देशबांधवांनी चिखलाच्या विहिरीत सोडले, तेव्हा राजापुढे उभे राहून त्याचा जीव वाचवणारा एबद-मलेख हा कूशी होता. दोराने काखा काचू नयेत म्हणून जुन्या चिंध्या खाली सोडण्याचे भान त्या परक्यालाच होते (यिर्मया ३८). रथात बसून यशयाचे पुस्तक वाचणारा आणि फिलिपकडून बाप्तिस्मा घेणारा राणीचा खजिनदारही त्याच देशाचा (प्रेषितांची कृत्ये ८). आणि याच आफ्रिका खंडाची काही लेकरे एके काळी आपल्या नाशिकची रहिवासी होती, हे आज नाशिकच्या किती ख्रिस्ती कुटुंबांना ठाऊक आहे?

आज ज्या शरणपूर रोडवर आपण कपडालत्ता घ्यायला जातो, त्या रस्त्याला नाव देणारी वस्ती चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात वसवली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी गलबतांत भरून नेली जाणारी गुलाम मुले इंग्रजांच्या आरमाराने सोडवून मुंबईस आणली; त्यांतील पुष्कळांना शरणपूर येथे आश्रय मिळाला. लोहारकाम, सुतारकाम, लिहिणे-वाचणे शिकून ती मोठी झाली. 'शरण आलेल्यांचे पूर' हे नाव त्या वस्तीला शोभून दिसणारे होते. ती वस्ती कॅथलिकांची नव्हती, अँग्लिकन बंधूंची होती. परंतु राष्ट्रांच्या भिंती न मानणारा देव पंथांच्या भिंतींपाशी येऊन थबकतो, असे मानण्याचे काही कारण नाही.

१८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या अखेरच्या प्रवासाला निघाले, तेव्हा शरणपूरच्या शाळेतील नऊ तरुण त्यांच्याबरोबर होते. १८७२ मध्ये आणखी काही जण त्यांना जाऊन मिळाले. त्यांत याओ जमातीचा जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबिया देशातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावले. त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले, तेव्हा अंत्यविधीच्या प्रार्थना वाचल्या त्या नाशिकात शिकलेल्या या जेकबने, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. पुढे सुसी, चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी तो देह दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर वाहून १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. तेथे तो ठेवण्यास जागा दिली ती होली घोस्ट संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी. त्यांनीही मुक्त गुलामांसाठी तेथे वस्ती उभारली होती. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत इंग्रज सभ्य गृहस्थांबरोबर जेकब वेनराइट होता.

त्यानंतर प्राइस यांच्याबरोबर शरणपूरची बरीच आफ्रिकी मंडळी पूर्व आफ्रिकेस परतली आणि मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन ही मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली. 'बाँबे आफ्रिकन' या नावाने ही माणसे तिकडे ओळखली जात. त्यांतील शरणपुरात शिकलेले विल्यम जोन्स १८६४ मध्येच राबाई येथे गेले होते. १८८५ मध्ये त्यांना दीक्षा देऊन उपाध्यायपदी नेमण्यात आले. मालकांच्या तावडीतून पळालेले गुलाम राबाईत येत आणि जोन्स त्यांना थारा देत. मालक आपला 'माल' परत मागू लागले. अखेर १ जानेवारी १८८९ रोजी अशा हजाराहून अधिक माणसांना मुक्तीची पत्रे देण्यात आली. गोदाकाठी ज्याला शरण मिळाली त्याने दुसऱ्यांना शरण दिली.

हत्यार आणि हात

इंग्रजी राज्याने ही हकीकत आपल्या खाती जमा केली. गुलाम कोणी सोडवले? आम्ही. मिशन कोणी वाढवले? आम्ही. तेव्हा हे राज्य म्हणजे देवाचीच योजना! दुःखाची गोष्ट ही की, हा समज इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेला नाही. आपल्या समाजातील काही वडीलधारी मंडळी आजही त्या राज्याचा उल्लेख 'आपले राज्य' या जिव्हाळ्याने करतात, आणि तरुणांपैकी काहींचे डोळे सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या बलाढ्य 'ख्रिस्ती' राष्ट्राकडे लागलेले असतात. ते राष्ट्र जिंकले की त्यांना देव जिंकल्यासारखे वाटते.

यशयाने अशा समजाला फार पूर्वीच उत्तर दिले आहे. देवाने अश्शूराला आपल्या हातातील काठी म्हणून वापरले. पण काठी स्वतःला हात समजू लागली. तोडणाऱ्याला कुऱ्हाडीने बढाई सांगावी काय, असा त्याचा प्रश्न आहे (१०:५-१५). इंग्रजी आरमार हे काही मुलांच्या बाबतीत देवाच्या हातचे हत्यार ठरले असेल. आम्ही ते नाकारीत नाही. परंतु याच साम्राज्याच्या संसदेने १८३३ च्या कायद्याने वसाहतींतील गुलाममालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई देऊ केली आणि गुलामांच्या हाती एक शिलिंगही ठेवला नाही. सुटका झालेल्या मुलांची मूळ नावे पुसून त्यांना वेनराइट, जोन्स, प्राइस अशी इंग्रजी नावे चिकटवली गेली. आणि फ्रीअरटाऊनमध्ये गोऱ्या मिशनऱ्यांकडून मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध दाद मागण्याची पाळी याच बाँबे आफ्रिकनांवर आली. हत्याराची पूजा करणाऱ्याने त्याची धार कोणाकोणाच्या मानेवरून फिरली तेही पाहावे.

या संदर्भात कोरेश राजाचे नाव पुढे केले जाते. परराष्ट्राचा राजा असूनही देवाने त्याला आपला अभिषिक्त म्हटले (यशया ४५:१); मग आमच्या बाजूचा बलवान पुढारी देवाचा अभिषिक्त का नसावा? अमेरिकेतील काही उपदेशकांनी २०१६ मध्ये निवडून आलेल्या आपल्या अध्यक्षांना हीच उपमा दिली. ते प्रवचनकार कोरेशाची गोष्ट अर्धीच सांगतात. कोरेशाने बाबेलच्या खजिन्यात पडून असलेली, यरुशलेमेच्या मंदिरातून लुटून आणलेली भांडी खजिनदाराकरवी मोजून परत केली आणि हद्दपारांना घरी जाऊ दिले (एज्रा १). नाशिककरांनी या मापाने इंग्रजांना मोजून पाहावे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा म्हणून प्रसिद्ध असलेला 'नासक' हिरा १८१८ मध्ये पेशव्यांच्या पाडावाबरोबर इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनच्या बाजारात विकला गेला. कोरेशाने देवळाची चीजवस्तू देवळाला परत केली. इंग्रजांनी ती जवाहिऱ्याला विकली.

जे विजेत्यांविषयी, तेच आजच्या इस्राएल राज्याविषयी. आपल्या काही प्रार्थनासमूहांत त्या राज्याची प्रत्येक लढाई जणू यहोशवाच्या पुस्तकाचे पुढचे पान असल्याप्रमाणे वाचली जाते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने निरपराध इस्राएली नागरिकांची हत्या केली आणि माणसे ओलीस धरून नेली; आमोसने गाझाला ज्यासाठी दोष दिला त्याचीच ही पुनरावृत्ती होय. पण आमोसची मोजपट्टी गाझाच्या वेशीवर थांबत नाही. त्यानंतर गाझात जी हजारो बालके मेली त्यांचा हिशेब कोण देणार? १७ जुलै २०२५ रोजी गाझातील पवित्र कुटुंबाच्या कॅथलिक चर्चवर इस्राएली तोफगोळा आदळून तिघांचा मृत्यू झाला. ज्यांना 'देवाची प्रजा जिंकत आहे' एवढेच दिसत होते, त्यांनी त्या दिवशी वेदीपुढे कोणासाठी प्रार्थना केली? राजाला गोड लागेल ते सांगणारा हनन्या आणि मानेवर जू घेऊन कटू सत्य सांगणारा यिर्मया, असे दोन संदेष्टे एकाच मंदिरात उभे होते (यिर्मया २८). टाळ्या हनन्याला मिळाल्या असतील. देवाचे वचन यिर्मयापाशी होते.

आपल्या वहीतील पाने

कॅथलिक वाचकाने येथवर वाचून 'हे सारे इंग्रजांचे आणि प्रोटेस्टंटांचे' असा सुस्कारा टाकू नये. देवाच्या सार्वभौमत्वाचे खरेदीखत करण्याचा उद्योग आपल्याही दप्तरात नोंदलेला आहे. पाचवे निकोलस या पोपनी १४५२ मध्ये पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांचे मुलूख जिंकून त्यांना कायमचे दास करण्याची मुभा दिली. सहावे अलेक्झांडर यांनी १४९३ मध्ये नव्याने सापडलेल्या भूभागांवर स्पेनचा हक्क मान्य केला. पृथ्वी देवाची, पोप देवाचा प्रतिनिधी, म्हणून पृथ्वी वाटून देण्याचा अधिकार पोपचा, असे हे सरळसोट गणित! या गणिताच्या बळावर आलेल्या पोर्तुगीजांनी गोव्यात आणि १५३४ ते १७३९ या काळात वसईत राज्य केले, आणि त्यांच्या वाड्यांतही आफ्रिकी गुलाम राबत होते.

ख्रिस्तसभेच्या अंतःकरणात दुसरा आवाजही होता, हे सांगणे न्यायाचे होईल. तिसरे पॉल यांनी १५३७ मध्ये, अमेरिकेतील मूळ रहिवासी हे खरीखुरी माणसे असून त्यांना दास करता येणार नाही, असे जाहीर केले. सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ फेब्रुवारी १९९२ रोजी सेनेगलमधील गोरे बेटावर, जेथून गुलामांची जहाजे निघत, ख्रिस्ती लोकांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली. आणि ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने, शोध लावणाऱ्याच्या मालकीचा तो जुना सिद्धांत कॅथलिक शिकवणुकीचा भाग नाही, असे स्पष्ट केले. या कामाला पाच शतकांहून अधिक काळ लागला. न्यायाला देवाच्या घरापासूनच आरंभ व्हायचा असतो, हे पेत्राने आपल्या पत्रात सांगूनच ठेवले आहे (१ पेत्र ४:१७).

दोन आक्षेप

आता बाहेरचा आक्षेप. तुमचा देव परका, गलबतातून आलेला, असे आपल्याला ऐकवले जाते. याला उत्तर म्हणून आपण प्रेषित थॉमसच्या आगमनाचे दाखले काढून बसतो, जणू गलबत जितके जुने तितका देव स्वदेशी! आमोसचे उत्तर याहून धीट आहे. गलबतातून मिशनरी उतरले. देव उतरला नाही. तो आधीपासून येथेच होता. पलिष्ट्यांना वाट दाखवणारा देव सह्याद्रीच्या अलीकडे कोणालाच ओळखत नव्हता, असे म्हणणे हा त्याच्या सार्वभौमत्वाचा अपमान आहे.

मग नाशिकसंबंधीही एक प्रश्न विचारावाच लागेल. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. देवाच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या माणसांना लाठ्या आणि दगड मिळाले. याच जिल्ह्यात, येवले येथे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. पुढे १९५६ मध्ये त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. 'ती माणसे आपल्याकडे आली असती तर!' अशी हळहळ आपल्या समाजात वर्षानुवर्षे ऐकू येते. पीक दुसऱ्याच्या खळ्यात गेले, अशा थाटाची ही हळहळ आहे. माणसांना माणूसपण मिळावे म्हणून चाललेली ती वाटचाल ज्याला देवाच्या नजरेबाहेरची वाटते, त्याने आमोसचा नववा अध्याय पुन्हा वाचावा. नगर आणि नाशिकच्या खेड्यांतील आपली कितीतरी कुटुंबे ज्यांच्या रक्तानात्याची आहेत, त्यांचा निर्गम देवाला ठाऊक नव्हता काय?

यावर आतला आक्षेप येतो. सर्वच राष्ट्रे देवाची असतील तर निवड कशाला आणि सुवार्ता तरी कशाला? अब्राहामाची निवड झाली ती पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळावा म्हणून (उत्पत्ती १२:३). घरातील एकाला विहिरीवर धाडले म्हणून पाणी त्याच्या एकट्याचे होत नाही. ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात देवाने जे केले ते सांगणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते आम्ही रेसभरही कमी लेखत नाही. पण पेत्र शतपती कर्नेल्याच्या घरी पोहोचला, तेव्हा देव त्याच्याआधीच तेथे पोहोचलेला होता. देव पक्षपाती नाही, हे पेत्र त्या परक्याच्या उंबरठ्यावर शिकला (प्रेषितांची कृत्ये १०). दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्याने या जुन्याच सत्याची आठवण करून दिली. सुवार्ता सांगणारा धनी नसतो. तो निरोप्या असतो. निरोप्याने निरोप पोहोचवावा, गावाच्या मालकीची भाषा करू नये.

आपल्या दारातील राष्ट्रे

सर्व राष्ट्रांविषयी बोलण्यासाठी नाशिकच्या ख्रिस्ती माणसाने नकाशा उघडण्याची गरज नाही. नोटांचा छापखाना, देवळालीची छावणी, ओझरचा विमान कारखाना, सातपूर आणि अंबडच्या वसाहती यांनी येथे गोव्याची, मंगळूरची, केरळची, तामिळनाडूची, वसईची माणसे आणली. नगर जिल्ह्यातील खेड्यांतून आलेली मराठी कुटुंबे त्यांच्या शेजारी गुडघे टेकतात. १९८७ मध्ये आपला स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो अशा मिश्र लोकांचा. सत्त्याऐंशीवे स्तोत्र रविवारच्या मिस्सेला आपल्या डोळ्यांसमोर उभे असते. आणि आपण काय करतो? कोणत्या भाषेच्या मिस्सेला सोयीची वेळ मिळाली, धर्मग्राम समितीवर कोणाची किती माणसे, सोयरीक कोणत्या मूळ जातीत करायची, यावर कुजबुजतो. सर्व राष्ट्रांच्या राजाची मिरवणूक काढून घरी परतणारे आपण शेजारच्या बाकावरील कुटुंबाशी हस्तांदोलन करून थांबतो; सोयरीक तर दूरच, त्यांच्या घरचा चहाही घेत नाही.

चर्चच्या आवाराबाहेर पाहावे तर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून आदिवासी मजूर दरवर्षी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. सकाळी नाक्यावर त्यांचा दिवसभराचा भाव ठरतो. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीय कामगारांवर हल्ले झाले, तेव्हा त्यांतील हजारोंनी मिळेल त्या गाडीने नाशिक सोडले. २०२० च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावर कसारा घाट चढून याच प्रकारची माणसे पोरेबाळे घेऊन पायी चालत होती. तो निर्गम कोणत्या पुस्तकात लिहिला जाईल, हे आम्ही जाणत नाही. ज्याने तो पाहिला, तो कफतोर आणि कीर यांची नोंद ठेवणाराच आहे.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सर्व राष्ट्रे राजाच्या सिंहासनापुढे एकत्र जमतात. त्या दिवशी विचारण्यात येणारे प्रश्न आधीच जाहीर झालेले आहेत. त्यांत कोणाचा ध्वज कोणता, कोणाची लढाई कोणी जिंकली, कोणाच्या नावे किती माणसांची नोंद झाली, यांतला एकही प्रश्न नाही. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान, एवढ्यांचीच विचारपूस तेथे होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ख्रिस्तराजाच्या सणाला सार्वजनिक प्रार्थनेत आपल्या बाजूच्या विजयासाठी मागणे करू नये. ज्यांना आपण वैरी समजतो त्या राष्ट्रांतील बालकांची नावे घ्यावीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात शरणपूरचा धडा शिकवावा. जेकब वेनराइट आणि विल्यम जोन्स कोण होते, हे नाशिकच्या प्रत्येक ख्रिस्ती मुलाला माहीत असावे. ज्यांची द्राक्षबाग आहे, दुकान आहे, कारखाना आहे, त्यांनी त्या सणाच्या आठवड्यात मजुरांचा हिशेब शास्त्रासमोर ठेवून एकदा तपासावा, आणि जोडाभर वहाणांच्या किमतीशी तो ताडून पाहावा. ज्या राजाला आपण सर्व राष्ट्रांचा धनी म्हणतो, त्याचा न्याय परराष्ट्रांपासून सुरू होईल, या भरवशावर कोणी राहू नये. आमोसने क्रम सांगून ठेवला आहे.